गार औषध

व्हिएंतियान,
४ नोव्हेंबर १९९६

ती. आईला,
वन्नालीचा दोन्ही हात जोडून नमस्कार, वि. वि.

दालाला परवा बसमध्ये बसवून दिलं, पोहोचली असेलच. दिवस भरत आलेत तरी चिकट भाताची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. मी हसले तर म्हणाली, दोघांचं जेवण आहे, नजर लावू नकोस.

आता महत्त्वाचं. तिला टीबी नाही. इतकी वर्षं आपण उगाच धास्तावलो होतो. आमच्या छातीच्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांनी तिला एका नळीत जोरात फुंकायला लावलं, काटा जेमतेम हलला. मग औषधाचा फवारा दिला आणि थोड्या वेळाने पुन्हा फुंकायला लावलं, तर काटा चांगला वर गेला. हा दमा, असं ते म्हणाले. श्वासाच्या नळ्या आवळतात आणि औषधाने मोकळ्या होतात. दाला तिथेच रडली. बाळ आईविना वाढणार हे तिने मनात पक्कं धरलं होतं.

तिच्याजवळ निळी डबी दिलीय. छाती भरली की तोंडात धरून दाबायची. घशाला एकदम गार लागतं, ती दचकली होती, तू दचकू नकोस. धुरापासून तिला लांब ठेव, आणि बाळंतपणाचा शेक थोडक्यात आटप. पुन्हा पुन्हा सांगते, कारण तू ऐकत नाहीस.

माया आहे तशीच असू दे.
तुझी वन्नाली

*

नासांग,
२५ नोव्हेंबर १९९६

चि. वन्नालीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

तू मावशी झालीस. मुलगी आहे. नाक जावयाचं, सिथोनचं घेतलंय, बिचारी. खरं नाव विहारातले भिक्खू सांगतील, तोवर आम्ही नोय म्हणतो.

दाला खाटेवर आहे, खाली निखारे. सिथोन लाकडं फोडून फोडून वाकलाय. तिला मुळ्यांचं उकळलेलं पाणी आणि भाजलेल्या मिठाशी भात, बाकी काही नाही. गार तर काहीच नाही, केळं नाही, काकडी नाही, वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. तू थोडक्यात आटप म्हणतेस. डॉक्टरीणबाई, तुम्हा दोघींच्या वेळी मी पुरा शेक घेतला, म्हणून या वयात चिखलात उभी राहून रोपं लावते. अर्धवट शेकलेल्या बायका बघ, ढग आला तरी पांघरूण शोधतात.

तिला धाप लागते. तुझी डबी मागत होती. तूच लिहिलंस ना, गार लागतं म्हणून? ओल्या बाळंतिणीच्या छातीत गार फुंकर घालू देणारी आई मी नव्हे. डबी कापडात गुंडाळून माझ्या पेटीत जपून ठेवलीय. शेक संपला की देईन असं तिला सांगितलंय. शहाणी आहे, तिने मागणं सोडलं. आज तर फारसं बोलतही नाही, खांदे वर करून नुसती बसून आहे. थकली असेल.

सुट्टी काढून ये. आठवण ठेवत जा.
तुझी आई

*

व्हिएंतियान,
२८ नोव्हेंबर

आई,
नमस्कार नंतर. तुझं पत्र आत्ता हातात पडलं. हे बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, मी सुट्टी मिळताच मागोमाग निघते.

निखारे विझव. डबी दालाच्या हातात दे, आत्ताच्या आत्ता. ती थकलेली नाही, तिला बोलायला श्वास पुरत नाहीये. सिथोनला सांग, होडी काढ आणि तिला तालुक्याच्या दवाखान्यात ने. गार लागून तिला काही झालं तर ते पाप माझं.

वन्नाली

*

नासांग,
१२ मार्च १९९७

चि. वन्नालीस,
आशीर्वाद.

दालाच्या शंभराव्या दिवसाचं दान झालं. तुला रजा मिळाली नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तिला आवडायचा तो नारळाचा भात मी केला होता. सिथोन पानाशी बसला आणि तसाच उठून गेला. नदीकाठी जाऊन बसतो तो हल्ली.

डोंगरावर रान जाळायला सुरुवात झालीय, गावभर धूर आहे. आणि नोयची छाती वाजायला लागली, आईसारखीच. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणलं. त्या म्हणाल्या, एवढ्याशा जिवाला दमा आहे असं आत्ताच म्हणता येत नाही, पण आईला होता तर सांभाळायला हवं. तशीच निळी डबी दिली, आणि ती खोचायला बुडाला भोक पाडलेली पाण्याची बाटली, बाळाच्या नाकातोंडावर धरायची. त्यांच्यासमोर एकदा दिलं. घरी आल्यावर माझा हात धजत नाही. पोरीला कणकण आहे, त्यात गार कसं द्यायचं?

एक विचारते. तू आलीस तेव्हा तुझी उशिरा पोहोचलेली चिठ्ठी माझ्या ओच्यात होती आणि दालाला अजून घरातून नेलं नव्हतं. मी विचारलं होतं, माझ्यामुळे झालं का. तू म्हणालीस, तिचा श्वास तेवढाच लिहिलेला होता, शेकाचा संबंध नाही, डबीचाही नाही. तेवढ्या बोलण्यावर मी पुन्हा जेवायला लागले. मग ही डबी देऊन न देऊन सारखंच ना? तू सांगशील तसं करते.

तुझी आई

*

व्हिएंतियान,
१५ मार्च १९९७

ती. आईला,
नमस्कार. हे ड्रायव्हरकडेच देतेय. वाचायला खाली बस.

मी तुझ्याशी खोटं बोलले. धुराने दालाची छाती आवळली आणि ती मोकळी करणारं औषध तुझ्या पेटीत होतं. ते मिळालं असतं तर ती बहुतेक आज नोयला पाजत असती. तू ते मायेने केलंस. दालालाही ते कळत होतं, म्हणून तिने मागणं सोडलं. गार लागतं हे मीच तुला लिहिलं होतं, ते मला सोसायचंय. हे सगळं मी मरेपर्यंत तुला सांगणार नव्हते. पण तुला जेवता यावं म्हणून बोललेलं खोटं आता नोयच्या जिवावर येईल.

गारवा घशापुरता असतो, छातीत उतरून काही बिघडत नाही. बाटली नाकातोंडावर नीट धर आणि डॉक्टरीणबाईंनी दाखवलं तसं, तेवढंच दे. तरी बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ती दूध ओढेना, तर वाट बघू नका, होडी काढा. मी रविवारी पोहोचते. या वेळी नोकरी गेली तरी चालेल.

माझा राग कर. माझ्याशी बोलू नकोस. लोभ राहिला तर राहू दे, नाही राहिला तरी मी तुझीच आहे. पण हे पत्र घडी घालण्याआधी ऊठ. मला माहीत आहे, ही डबीही तू पेटीतच ठेवली असशील. पेटी उघड, आई.

वन्नाली