दालेथचा झिजलेला कोपरा

३ नोव्हें., सोम.
दादा डिसेंबरात मुलाकडे इस्रायलला चालला. कायमचा. त्याआधी नागपुरात एकदा तोरासमोर, आमच्या धर्मग्रंथासमोर, उभं राहायचंय त्याला. गुरुवार, ता. २० ठरली. वाचनाला दहा पुरुष लागतात: आठ इथले, दोन भुसावळचे. आज त्याच्या रामदासपेठेच्या घरी आजोबांची तोराची गुंडाळी उघडली. एका दालेथ अक्षराचा कोपरा झिजलाय, ते रेश अक्षरासारखं दिसतं. एक अक्षर गेलं की अख्खी गुंडाळी वाचनाला बाद.

४, मंगळ.
तोरा लिहिणाऱ्या ठाण्याच्या लेखनिकाला फोन. जानेवारीशिवाय यायला जमत नाही. म्हणे, शंका असेल तर लहान मुलाला दाखवा. हिब्रू अक्षरं येणारं हवं, फार हुशार नको. हुशार मूल शब्दावरून ओळखतं. ते दालेथ म्हणालं तर खुशाल वाचा.
एवढंच? सोपं आहे.

७, शुक्र.
आमच्या समाजाच्या सगळ्या घरी फोन झाले. एकाही पोराला अक्षरं येत नाहीत. एक आई: "अंकल, त्याचा रोबोटिक्सचा क्लास असते नं." माझा मुलगा मिहानमधल्या ऑफिसातून: "बाबा, फोटो पाठवा, ॲपले विचारतो." फोन ठेवला.

९, रवि.
माझं व्याख्यान. तोरानं यहुदी कसे टिकवले. देऊळ जळलं, राज्य गेलं, ग्रंथ खांद्यावर घेऊन माणसं चालत राहिली. कोकणात आमची गलबतं फुटली, ग्रंथ बुडाले, तोंडात शमा प्रार्थनेची ओळ तेवढी उरली. तरी शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव शनवार तेली म्हणालं. टाळ्या थांबेनात. एक गृहस्थ: "सर, तुमची नवी पिढी शिकते ना हे?" मी म्हणालो, "अर्थात!"
खोटारडा. चाळीस वर्षं बोलतोय, आणि घरच्या नातवाला...

१०, सोम.
नातू एतान, वय सात. आजपासून शाळेनंतर प्रतापनगरला माझ्याकडे. बावीस अक्षरं, हातात दहा दिवस. मी ओरडतो, तो जांभया देतो. सून: "बाबा, भाषण नका देऊ. शिकवा त्याले."

१६, रवि.
दादा: "बाकीचं सोड नं गा. त्याले तेवढं दालेथ शिकव, मोकळे होऊ."
"मग शाई घेऊन मीच कोपरा काढू का?"
"काढ. कोनाले समजते?"
ऐंशी वर्षांचा माणूस! संतापलो. मग तो हळूच म्हणाला, "मले जायच्या आधी एकदा ऐकाचं हाय गा, बस."


१९, बुध.
बावीस झाली. दालेथ-रेश मात्र कधी बरोबर, कधी उलटं. मग लक्षात आलं, पोरगा अक्षराकडे बघतच नाही. माझ्या तोंडाकडे बघतो. भुवई हलली की उत्तर बदलतो.
म्हणजे उद्या मी विचारायचं नाही. दादा तर नाहीच. भुसावळचे? ते खास याच वाचनासाठी येताहेत. दहांतल्या एकूणएकाला दालेथच ऐकायचंय.
मग पोराला विचारणार कोण?