निळ्या कातरणांचा पडदा

३ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ज्या माणसाने आपल्यासाठी सगळं स्वतःच्या हाताने केलं, त्याला आपण हाताने केलेलं काय द्यावं? आठ दिवस हा प्रश्न डोक्यात आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून तू मला चारचौघांत मिरवतेस, म्हणून आधी तुझ्याजवळच कबूल करते.

ताईचं लग्न वीस फेब्रुवारीला ठरलं हे आईच्या पत्रावरून कळलं. मी तेव्हा वाचनालयात पुस्तकांवर क्रमांक चिकटवत होते. ते पत्र वाचून तीन पुस्तकांवर एकच क्रमांक लावला. चौदा वर्षं ताई गणवेशांच्या कारखान्यात शिवते आहे. माझं कॉलेजचं दप्तर तिने शिवलं, पेटीचं आवरण तिने शिवलं, पदवीच्या दिवशी मी घातलेला झगा तर तिने दोन वेगवेगळ्या कापडांतून काढला होता आणि कुणाला जोड दिसला नाही. पदवीचा कागद तिच्या हातात दिला तेव्हा तिने तो उजेडात धरला आणि म्हणाली की छान आहे, पण चौकट डावीकडे जराशी उतरली आहे. मी घरी जाऊन पट्टीने मोजलं. उतरली होती.

आता अशा बाईच्या लग्नात मी दुकानातून आणलेलं खोकं पुढे करू का? माझ्याने होणार नाही. वाचनालयात लग्नाची सजावट घरच्या घरी करण्यावरचं एक जाडजूड पुस्तक सापडलं आहे. त्यावरून बेत केला आहे तो असा. आमंत्रणाची ऐंशी कार्डं मी स्वतः करणार, जाड कागद दुमडून, वर कापलेल्या पानांची नक्षी. सभागृहात कागदी फुलांच्या माळा. आणि तिसरी गोष्ट फक्त तुला सांगते, आईलाही नाही. ताईच्या नव्या खोलीला दोन खिडक्या आहेत. त्यांना मी पडदे करणार, आणि ते कारखान्यातल्या गणवेशांच्या कातरणांचे. तिच्या चौदा वर्षांच्या कष्टाचे तुकडे एकत्र जोडून तिच्या खिडकीत. कल्पना सुचली तेव्हा माझेच डोळे भरून आले.

नमुन्याचं एक कार्ड सोबत पाठवते आहे. पुस्तकबांधणीत तुझं आयुष्य गेलं, तेव्हा खरं काय ते सांग. खळ किती घट्ट करायची तेही कळव.

माझ्यावरची माया या कार्डाच्या दर्जावर अवलंबून ठेवू नये, ही विनंती.
तुझी,
धाकटी


९ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं कार्ड आलं. टेबलावर ठेवलं तर आपोआप उघडलं, मिटलं तर पुन्हा उघडलं. मी त्याच्यावर शब्दकोश ठेवला तेव्हा कुठे गप्प बसलं. घडीवर कागद तडकला आहे तो तुलाही दिसला असेल, पण तू म्हणाली असशील की हाताने केलेल्या वस्तूत एवढं असायचंच. तसं नसतं, पदवीधर बाई. हाताने केलेलं असलं तरी नीट केलेलं असावं लागतं.

कापडाला जसा उभा आणि आडवा धागा असतो, तसा कागदालाही असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. घडी घालण्याआधी कागद दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवून बघायचा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. एकीकडे तो अडतो, दुसरीकडे मुकाट्याने वाकतो. जिकडे तो राजी असतो तिकडे घडी. तू त्याला विचारलंच नाहीस, आपल्या मनाला आलं तिकडे दुमडलंस. पहिल्या वर्षी मी अशी दोनशे पानं वाया घालवली होती आणि तुझ्या आजोबांनी मला महिनाभर नुसती खळ ढवळायला बसवलं होतं.

पानांची नक्षी मात्र फार सुरेख कापली आहेस. देठाकडची बारीक कड पाहून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. तो हात आपल्या घरचा आहे, हे लपत नाही.

खळ ताकाइतकी पातळ कर आणि गार झाल्यावरच लाव. पडद्याचं गुपित माझ्याजवळ राहील. मी बांधलेल्या पुस्तकातून पान निसटत नाही, तसंच हेही.

पुढच्या कार्डासकट तुझी वाट पाहते आहे, असंच समज.
तुझी,
आत्या


१५ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

वाचनालयातल्या मुलांना हस्तकलेसाठी कातरणं हवीत असं तू लिहिलंस, म्हणून गाठोडं पाठवते आहे. धुऊन, इस्त्री करून, रंगाप्रमाणे वेगळी बांधली आहेत. निळी सर्वांत जास्त आहेत, कारण निळा गणवेश सर्वांत जास्त. मुलांना कात्री सांभाळून द्या. आणि काय ग, तिथेही हा निळा रंग पोचवायचा का माणसाने?

इकडचं सगळं ठीक. आईला वाटतं मी बारीक झाले, म्हणून ती मला रोज जास्त वाढते. मशीनवरच्या मुली मला आता नवरीबाई म्हणून हाक मारतात आणि सुई मोडली की माझ्याकडेच आणून देतात, ते काही बदललेलं नाही.

तुझे होणारे भावजी परवा खोली दाखवायला घेऊन गेले. कुलुपं दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे खोलीत शिरल्यावर अर्धा तास दाराशीच होता. मी तोवर खिडक्या पाहिल्या. दोन्ही पूर्वेला आहेत. सकाळी सगळी फरशी उजेडाने भरत असणार. चौदा वर्षं ट्यूबलाइटखाली बसलेल्या बाईला याचं काय वाटतं, ते तुला कळेल.

कारखान्यासमोर घरसजावटीचं दुकान झालं आहे. तिथे काचेत पिवळे पडदे लावले आहेत, त्यांवर हातभर मोठी नारिंगी फुलं. इतके भडक की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. जेवणाच्या सुट्टीत मीही बघते. तू असतीस तर नाक मुरडलं असतंस.

फार जागत जाऊ नकोस, आणि डबा तसाच परत आणू नकोस. ओरडायला मी तिथे नाही म्हणून लिहून ओरडते.
तुझी,
ताई


२८ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ऐंशीही कार्डं झाली. कागदाला विचारून घडी घातली आणि एकही तडकलं नाही. आता ती मिटलेली राहतात आणि बोट लावलं की शहाण्या मुलासारखी उघडतात. इथल्या ग्रंथपालबाईंनी एक मागून घेतलं आणि कोणत्या छापखान्यात केलं असं विचारलं. मी तुझं नाव छापखाना म्हणून सांगितलं. कार्डं आजच्या टपालाने तुझ्याकडे येत आहेत, वरचे कागदी बंद तेवढे तू चिकटव.

पडद्याबद्दल काय लिहू? ताईचं गाठोडं सोडलं आणि मी बराच वेळ नुसती बघत बसले. आपण टाकून देतो ते तुकडे तिने एकावर एक असे रचले होते, जणू तेच विकायला जायचे आहेत. कॉलरच्या कापातून उरलेले चंद्रकोरीसारखे तुकडे, खिशांमधल्या चिंचोळ्या पट्ट्या, बाहीच्या खालचे त्रिकोण. काहींवर अजून तिच्या खडूच्या खुणा आहेत. एवढ्याशा तुकड्यावरची तिची रेघसुद्धा सरळ. मी त्या खुणा मुद्दाम वर ठेवल्या आहेत. रोज वाचनालयातून आल्यावर आणि रविवारी दिवसभर शिवते. बोटांना टोचून टोचून चाळणी झाली आहे, आणि ताईने हे चौदा वर्षं केलं या विचाराने मला स्वतःची तक्रार करायची लाज वाटते. एक पडदा पूर्ण झाला. करड्यावर निळ्या चंद्रकोरी, उजेडात धरला की काचेसारखा दिसतो.

मापं मी होणाऱ्या भावजींना गुपचूप पत्र लिहून मागवली. त्यांनी खिडकीची मापं पाठवली, दाराची पाठवली, शिवाय कडीच्या भोकाचाही व्यास कळवला. माणूस चांगला दिसतो.

ताईने कुठल्या तरी दुकानातल्या पिवळ्या, नारिंगी फुलांच्या पडद्यांबद्दल लिहिलं आहे. मला हसू आलं. जिच्या हातात इतकी कला, तिने असल्या यंत्रावर छापलेल्या फुलांकडे बघावं. माझे पडदे पाहिले की तिला कळेल की तिच्या खिडकीत काय शोभतं.

तुझा आशीर्वाद दुसऱ्या पडद्यालाही मिळावा.
तुझी,
धाकटी


२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

कार्डं पोचली. एक एक करून ऐंशीही उघडमीट करून पाहिली. तुझ्या आजोबांनी तुला खळ ढवळायला बसवलं नसतं. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक माझ्याजवळ नाही.

बंद चिकटवायला रविवारी ताई आली होती. दिवसभर बसली, गाणं गुणगुणत होती. कागदाचं काम तिला फार आवडलं. म्हणाली की कागद हाताला किती गार लागतो, आणि चुकला तर उसवावा लागत नाही, सरळ टाकून देता येतो. एक कार्ड तिने स्वतःसाठी बाजूला काढलं. चिमणीने केलं आहे, हे माझ्या पेटीत राहील, असं म्हणाली.

आता जे लिहिते ते लिहावं की नाही, यावर दोन दिवस विचार केला. गुपित मी फोडलेलं नाही. मी फक्त एवढंच विचारलं की नव्या खोलीत काय काय करायचं ठरवलं आहेस. तर म्हणाली, काहीही चालेल, फक्त निळं आणि करडं नको. पापण्या मिटल्या तरी तिला तोच रंग दिसतो म्हणे. मग हसली आणि त्या पिवळ्या पडद्यांची गोष्ट सांगितली. ती एकदा दुकानात गेली होती. सवयीने पडद्याची कड उलटून पाहिली. शिवण वाकडी होती, टाके मोठे होते. दुसरं कुणी असतं तर नाव ठेवून बाहेर पडलं असतं. ही म्हणते, आत्या, मला इतकं बरं वाटलं, की ही वाकडी शिवण माझी नाही आणि मला ती सरळ करायची नाही.

मग मला विचारलं की असं वाटणं वाईट आहे का. तू तिच्यासाठी एवढं हाताने करते आहेस आणि तिला मात्र विकतचं हवंसं वाटतं, हा कृतघ्नपणा आहे का. मी तिला चहा करून दिला.

तुझा पडदा सुंदर असणार, यात मला तिळमात्र शंका नाही. तुझ्या पत्रावरूनच तो डोळ्यांपुढे आला. काय कर हे मी सांगणार नाही. घडी कुठे घालायची हे कसं बघायचं, ते तुला आता येतं.

रागावलीस तरी उत्तर धाडावंस. कोरा कागदही चालेल, मी त्याचा धागा बघून समजून घेईन.
तुझी,
आत्या


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुला तुझ्या नव्या खोलीत, डावीकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर मिळेल. तू सभागृहात पाहुण्यांच्या गराड्यात असताना मी इथे बसून लिहिते आहे. खाली भावजींचा मित्र गाडी घेऊन थांबला आहे आणि दर पाच मिनिटांनी शिट्टी वाजवतो आहे.

कागदी माळांचं तू सकाळपासून कौतुक करते आहेस, त्याने मी फुलून गेले आहे. कोपऱ्यातली एक माळ सुटून कारखान्याच्या मालकांच्या डोक्यावर पडली तेव्हा तू ज्या प्रेमाने ती त्यांच्या गळ्यात घातलीस, ते मी जन्मभर विसरणार नाही.

तुला काहीतरी सांगायचं आहे. कातरणं वाचनालयातल्या मुलांसाठी नव्हती. मी त्यांचे तुझ्यासाठी पडदे शिवत होते. तुझ्या कष्टाचं चित्र तुझ्याच खिडकीत लावावं असं मला वाटलं होतं, आणि ते तुला रोज उठून बघावं लागेल हे मला सुचलं नव्हतं. आत्या मला रागावली नाही, तिने फक्त तू काय म्हणालीस ते कळवलं. ते पत्र वाचून मी दोन दिवस तिच्यावर रुसले, मग स्वतःवर. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पडद्याला पुन्हा सुई घातली, कारण अर्धवट ठेवणं मला तू शिकवलेलं नाही.

तू कृतघ्न नाहीस, ताई. हाताने करण्याचं मोठेपण मी पुस्तकात वाचलं. तू ते इतकी वर्षं केलंस, म्हणून कधी थांबायचं ते तुला माहीत आहे.

आता मान वर करून बघ. मंगळवारी मी गाडीतून उतरले ती आधी घरी न येता तुझ्या त्या दुकानात गेले होते. दुकानदाराने मऊ, पांढरे पडदे पुढे केले आणि तेच सध्या सुशिक्षित लोक घेतात असं सांगितलं. मी म्हटलं, काचेतले काढा. भावजींनी दांड्या बसवल्या, त्याही पाण्याच्या पातळीसारख्या सरळ. उजेड आत आला की फरशीवर नारिंगी फुलं पडतात. मी त्यांच्यावर उभी राहून पाहिलं. तू म्हणाली होतीस तसे भडक आहेत, आणि खोली हसते आहे.

उजव्या पडद्याची खालची शिवण वाकडी आहे. मी तिला हात लावलेला नाही, तूही लावायचा नाहीस.

आणि निळ्या पडद्यांची काळजी करू नकोस, ते कपाटात पडणार नाहीत. तो रंग तू माझ्यासाठी चौदा वर्षं पाहिलास, तेव्हा आता तो बघायची पाळी माझी. माझ्या खोलीला खिडकी एकच आहे, म्हणून दोन्ही जोडून एक केला. सोमवारी निघताना तो लावला, तुझ्या खडूच्या खुणा आतल्या बाजूला, मला अंथरुणातून दिसतील अशा, आणि मगच दाराला कुलूप घातलं.

दादागिरी, काळजी आणि लिहून ओरडणं लग्नानंतरही असंच चालू ठेवावं.
तुझी,
चिमणी