कौसल्येच्या गोळ्या आणि जर्मनीतली खिडकी

रविवार, २६ एप्रिल. दुपारी १.००
जर्मनीहून कौसल्येचा फोन. आमच्या लेकीच्या बाळंतपणाला जाऊन चार दिवस झाले. पर्समधल्या बीपीच्या गोळ्या संपल्या, बॅगेतल्या सापडत नाहीत. काल गोळी नाही, आज डोकं गरगरतंय. तिकडे रविवारी सगळी दुकानं बंद. रविवारी तिकडे कोणी आजारी पडत नाही? काहीतरी लपवतात. लालबागहून सूत्रं हलवतो. तासाभरात गोळी तिच्या हातात.

१.४०
बॅग उतरवली कोणी? जावई धनेशने. फार शांत बोलतो. लक्ष ठेवायला हवं.

२.१५
खाली कुशाबाच्या मेडिकलमध्ये गेलो. म्हटलं, तिकडच्या केमिस्टशी दोन शब्द बोल. कुशाबा म्हणाला, काका, मला समोरचा केमिस्ट सुट्टे देत नाही, जर्मनीचा कुठला ऐकतोय! यालाही त्यांनी फोडला असणार.

३.१०
धनेशला एक दुकान मिळालं. तिकडे रविवारी पाळीने एकच उघडं. उघडं म्हणजे शटर बंद, औषध खिडकीतून. सरळ धंदा खिडकीतून होतो का? वर डॉक्टरची चिठ्ठी मागतात. ती माझ्या पाकिटात. मूळ कागद परमुलखात कशाला, म्हणून मीच ठेवून घेतली. फोटो पाठवला, चालला नाही. म्हटलं, स्ट्रिपमधून दोनच गोळ्या कापून मागा. धनेश म्हणाला, बाबा, इथे कापून देत नाहीत.

४.००
जपाला बसलो. मध्येच आठवलं. गोळ्या मीच बेसनलाडवांच्या डब्यात, तळाच्या कागदाखाली ठेवल्या होत्या. विमानतळावर बॅगा फोडतात, पण लाडू कोण नेणार? योजना उत्तम होती. सांगायचं राहिलं, एवढंच. लगेच फोन केला, सहज सुचल्यासारखं म्हटलं, डबा बघ. डबा शेजारच्या जर्मन बाईंना दिलाय म्हणे! आणि बाई घरी नाहीत. पळाली असणार.

६.२०
लेकीचा फोन. बाई आल्या. गोळ्या परत दिल्या, वर ताटलीभर केक. आईने गोळी घेतली. देव पावला. म्हटलं, बघ, माझा तर्क खरा ठरला.

७.००
कौसल्या फोनवर. अहो, आणखी काय काय कशात खुपसलंय, आत्ताच्या आत्ता सांगा. सांगितलं. बाळाचे चांदीचे वाळे, मेतकुटाच्या पुडीत.
मग लेकीने फोन घेऊन सांगितलं. केकची ताटली रिकामी कशी परत करायची, म्हणून मेतकुटाची पुडी मघाशीच शेजारी गेली होती. बाई ती घेऊन मुलाकडे गेल्या, दुसऱ्या गावी.
धनेशने कौसल्येचं बीपी मोजलं. गोळी घेऊनही चढलंय.