हेदरच्या किल्ल्यात भरलेली ओटी

बुध. ९ एप्रिल

सातवा लागला. सासूबाईंना परत विचारलं – आई, माझी ओटी तुम्ही भराल? कणीक मळत होत्या, मान वर केली नाही. "विधवेच्या हातून नको गं. इथे परदेशातही, या क्रेगीबर्नमध्ये, आपल्या एवढ्या सवाष्णी आहेत, चारुताला सांग." चारुता माझी मैत्रीण, हसत भरेल. पण माझी स्वतःची आई नाही, मला हेच हात हवेत. त्या पुण्याहून इकडे आल्यापासून दोन महिने शिफ्टवरून आले की गरम पोळी पानात पडतेय. त्या हातांत अशुभ ते काय? चिडले.

शंतनूने वीकएंडला किल्ला बुक केलाय, बाळ यायच्या आधीची सुट्टी म्हणून. बॅगेत गुपचूप नारळ, तांदूळ, खण टाकलाय.

शुक्र. ११

पोचलो. किल्ला खराच जुना – युरोपातला पडका बुरूज, दगडांवर नंबर घालून जहाजाने आणला आणि इथे मेंढ्यांच्या कुरणात परत रचला. आत हीटर, माणशी चार उशा. आई म्हणाल्या, "आमच्या गडांवर चढताना जीव जायचा. इथे दारात गाडी!"

मालकीण हेदर, साठीची. प्रत्येक दगड दाखवताना "टॉम अँड आय, टॉम अँड आय". टॉम म्हणजे नवरा. आईंसाठी बिनअंड्याचा केक मुद्दाम केला होता. किती करतात लोक आपल्यासाठी.

शनि. १२

आई सहाला उठून चादरींच्या घड्या घालून, बाथरूम घासून मोकळ्या. हेदर कपाळाला हात लावून बसली. "दुसऱ्याच्या घरी राहिलो, पसारा टाकून कसं चालेल?" – इति आई.

आवराआवरीत त्यांना नारळ सापडला. आता ऐकावं लागणार, वाटलं. तर म्हणतात, "हिच्याकडूनच भरून घेऊ. बोटात अंगठी, तोंडात सारखं नवऱ्याचं नाव. सवाष्णच आहे."

नाही म्हणवलं नाही. हेदरने अगदी मनापासून भरली. आई दारातून हातवारे करून शिकवत होत्या, पण तांदळाला बोट लावलं नाही. मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाने. एवढं सगळं मिळतंय, तरी माझं आपलं तेच.

रवि. १३

निघताना शंतनू हेदरला म्हणाला, टॉमना भेटायचं राहिलंच. ती म्हणाली, टॉमला जाऊन नऊ वर्षं झाली, वरची गच्ची तिने एकटीने पुरी केली.

शंतनूने आईंना मराठीत सांगितलं. आई हेदरच्या अंगठीकडे बघत राहिल्या. तिचा हात हातात घेतला, थोपटला. मग मला म्हणाल्या, "काल हिने भरली, काय वाईट झालं? गाडीतनं नारळ काढ. बस त्या पायरीवर, ओढणी पसर."

तांदूळ थोडे कमी वाटले त्यांना. हेदरने आपला डबा आणून दिला.