वरूबाबा

६ मे, मंगळवार
चटणी वाटायला गेले तर वरवंटा गायब. पोरीनं, चिऊनं, त्याला माझा रुमाल नेसवलाय, डोक्यावर शाम्पूच्या बाटलीचं झाकण. नाव वरूबाबा. तो चिऊच्याच तोंडून बोलतो, जाडा आवाज काढून. "आज भात न्हाई, खारी पाहिजे!" हसून पोट दुखलं. चटणी मिक्सरमध्ये केली.

१० मे, शनि.
सासूबाईंचं जोडवं हरवलेलं. गमतीनं वरूबाबाला विचारलं. "वॉशिंग मशीनच्या मागं." निघालं तिथंच! (चिऊचा चेंडू रोज तिथंच जातो. तिनं पाहिलं असणार.) सासूबाईंनी हात जोडले. चेंडूचं तेव्हाच सांगायला हवं होतं मी.

१४ मे, बुध.
ऑफिसातून आले तर बाहेरच्या खोलीत सात-आठ बायका, सासूबाईंनी बोलावलेल्या. वरवंटा पाटावर, हळदीकुंकवानं माखलेला, पुढं नारळ. चिऊ घ्यायला गेली तर सासूबाई म्हणे, "आंघोळ केल्याबिगर शिवू नको." तिचंच खेळणं! तिला शेजारी बसवून वरूबाबासारखं बोल, बोल करून राहिल्या.
किळस आली.
हे इथल्या, वसमतच्या मंदिरात पुजारी. यांना तरी कळावं? तर म्हणाले, "काहून चिडून राहिली? मान देऊन राहिले लोकं." मीही रोज दिवा लावते. पण हे...

२० मे, मंगळ.
चिऊ आता आपण होऊन खेळत नाही. बायका आल्या की गादीखाली लपते. सासूबाई ओढून काढतात.
आज जेवताना सहज म्हणाली, "कुरुंद्याहून येते ना, त्या मावशीनं विचारलं, गोळ्या घेऊ का बंद करू? मला बाहेर जायचं होतं. म्हटलं बंद कर."
कसल्या गोळ्या? सासूबाईंना विचारलं. शुगरच्या. पायाला जखमही आहे म्हणे. "देव बघतो," म्हणाल्या.

२५ मे, रवि.
कुरुंद्याला जाऊन आले. खोलीत शिरताच जखमेचा वास. मावशीची सून रडकुंडीला आलेली. "आमी सांगून थकलो ताई. डॉक्टरचं नाव काढू देत न्हाईत."
मावशीच्या पायाशी बसले. "मावशी, लेकरू खेळत होतं हो."
"लेकराच्याच तोंडून बोलतो तो."
काही म्हणता काही ऐकेनात. उलट माझ्याच पाया पडायला वाकल्या. देवाच्या पोरीची आई म्हणून. शी!
घरी भांडले. सासूबाई म्हणाल्या, श्रद्धेला नावं ठेवू नको. हे गप्प. या गप्प बसण्याचीच जास्त घाण वाटते. माझ्याही, आतापर्यंतच्या.

२६ मे, सोम. सकाळी
रजा टाकली. चिऊला घेऊन कुरुंद्याला निघालेय. मावशींनी ऐकलंच तर चिऊचंच ऐकतील. तिला समजावलं, गोळ्या घ्या आणि दवाखान्यात चला, एवढंच सांगायचं.
वेणी घालून घेताना तिनं विचारलं, "आई, माझ्या आवाजात सांगू, का वरूबाबाच्या?"
बस साडेनऊची. अजून उत्तर दिलेलं नाही.