टोपण घातलेली सुई

मुलींचे वसतिगृह, पुणे
सोमवार, ६ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
दीपालीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. थंडीत ओल्या केसांनी ड्यूटीवर जायचं नाही, स्वेटर घालायचा, दूध नाकाशी धरून वास घेत बसायचं नाही, सगळ्या आज्ञा शिरसावंद्य. मेसची आमटी मात्र तू म्हणतेस तशी बदलली नाही. तळाशी डाळ असते असं ऐकून आहोत, अजून दर्शन नाही.

आता खरं लिहिते. आज सकाळी साडेदहाला पुरुषांच्या वॉर्डात एका पेशंटला इंजेक्शन दिलं. चांगलं दिलं, त्याने हूं की चूं केलं नाही. मग ट्रेमधलं टोपण उचललं आणि सुईवर घालायला गेले. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या बाबांनी सिस्टर म्हणून हाक मारली, माझी मान वळली आणि सुई हातमोज्यातून डाव्या अंगठ्यात गेली. मी रक्त पिळून काढलं, अंगठा डेटॉलमध्ये बुडवला, पट्टी लावली आणि ड्यूटी पूर्ण केली. कुणी पाहिलं नाही.

आमच्या प्रत्येक ट्रॉलीवर सुई कापायचं यंत्र आहे. टोचून झालं की उघडी सुई सरळ त्यात घालायची, टोपणाला हात लावायचा नाही, हे पहिल्या महिन्यापासून शिकवतात. परीक्षेत मी ते लिहून मार्क मिळवलेत. पण माझ्या हाताला तू शिकवलंस तेच येतं. दहावीपासून दर रविवारी दौंडहून येऊन तुझ्या ओट्यावर मोसंब्यांना पाण्याची इंजेक्शनं दिली, आणि टोपण न घालता सुई खाली ठेवली की उलथन्याचा दांडा बोटांवर बसायचा.

पद्मजा मॅडमना सांगून सुई टोचल्याचा फॉर्म भरायला हवा, कळतंय मला. पण त्या तुझ्या विद्यार्थिनी. सगळ्या वर्गासमोर मला सत्यशीला सिस्टरची भाची म्हणतात. टोपण घालायला कुणी शिकवलं असं त्यांनी विचारलं तर कुठल्या तोंडाने तुझं नाव घेऊ? शिवाय घरी कळवतील, आणि बाबा मला दौंडला परत नेतील.

पेशंट चाळिशीचा असेल. महिनाभर ताप आहे, वजन पार उतरलंय, रक्ताचे रिपोर्ट यायचेत. बिचारा मला ताई म्हणतो. फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. तू म्हणशील तसं करेन. अंगठा आता दुखतसुद्धा नाही.

हवं तेवढं रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
दीपाली


वसतिगृहाच्या फाटकावरची केबिन
बुधवार, ८ जानेवारी, दुपारी पावणेचार

चि. दीपालीस,
अनेक आशीर्वाद. खुशाली नंतर विचारीन.

तुझं पत्र आज दीड वाजता मंगळवार पेठेत पोचलं. शेजारच्या सरोजिनीबाईंना तुला चार वेळा फोन लावायला लावला, तुझा मोबाइल बंद. रिक्षा करून आले. फाटकावरच्या बाई म्हणाल्या, भेटीगाठी रविवारी. म्हटलं, भेटायचंच नाहीये, एक कागद आणि पेन द्या. भेटून तरी काय, तू माझ्या कानात ओरडणार आणि अख्खं वसतिगृह ऐकणार.

हे वाचता वाचता चप्पल घाल. त्या पेशंटला एचआयव्ही असेल तर संसर्ग रोखणारी औषधं असतात. दोन तासांत घेतली तर उत्तम, बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. तुझे बहात्तर तास उद्या सकाळी साडेदहाला संपतात. हे तुला माहीत आहे, त्यावरही मार्क मिळवले असशील. आणि तू मला पत्र टाकलंस, गाढवे, तेही साध्या पोस्टाने! उद्यापर्यंत वेळ आहे असं मनात आणू नकोस. आत्ता, या मिनिटाला पद्मजाकडे जा. आणि रक्त पिळायचं नसतं, डेटॉलही नको. साबण आणि वाहतं पाणी, बस. तेही मीच चुकीचं शिकवलं.

कुणी शिकवलं असं विचारलं तर माझं नाव सांग. स्पष्ट सांग, आडनावासकट. माझ्या नावाला जपायला तू तुझं रक्त पणाला लावलंस, अगं, कोण मी अशी लागून गेले?

आता एक ऐक, जे तुझ्या बापालाही माहीत नाही. १९९१ साली मला कावीळ झाली होती. स्टेशनाबाहेरच्या उसाच्या रसाने झाली असं घरात सगळे समजतात. तुझा बाप संभाजी अजून रसवंती दिसली की नाक मुरडतो. ती कावीळ रसाची नव्हती, सुईची होती. टोपण घालताना मलाही टोचली होती. मी कुणाला सांगितलं नाही. माझी आई त्याच हॉस्पिटलात झाडायला होती. झाडूवालीची पोर, हिच्या हातात सुई दिलीच कशाला, असं मेट्रनबाई म्हणतील, एवढ्या भीतीने मी गप्प बसले. दोन महिन्यांनी डोळे पिवळे झाले, तीन महिने अंथरुणावर होते. मेले नाही हे नशीब. तू माझ्यासारखी गप्प बसू नकोस, माझ्या पोरी.

मी इथे बाकावर बसलेय. पहिली गोळी पोटात गेल्याचा निरोप येईपर्यंत उठणार नाही.

तुझी,
आत्या


पुणे
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

माझा निरोप पोचेपर्यंत, साडेसातपर्यंत तू बाकावर होतीस असं फाटकावरच्या काकूंनी सांगितलं. त्यांनी तुला चहा दिला आणि तू त्यांना त्यांच्या रजिस्टरमधल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्यास. त्या अजून धक्क्यात आहेत.

मी तुझी चिठ्ठी मुठीत धरून मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी फक्त किती वाजता टोचलं ते विचारलं आणि घड्याळ पाहिलं. मग माझं मनगट धरून मला कॅज्युअल्टीत नेलं. पाच वाजून दहा मिनिटांनी पहिली गोळी घेतली. चोपन्न तास होऊन गेले होते. मॅडम मला ओरडल्या नाहीत, पण चोपन्न हा आकडा त्यांनी दोनदा मोजून पाहिला. काविळीच्या लशीचा माझा तिसरा डोस राहिला होता, तोही तिथेच टोचला. नंतर मीच होऊन तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या की त्यांनाही तूच शिकवलंस, आणि ती सवय मोडायला त्यांना दोन वर्षं लागली.

त्या पेशंटने स्वतःहून एचआयव्हीसाठी रक्त तपासायला संमती दिली. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्याचं नाव मी तुलाही सांगणार नाही. आपल्यामुळे त्या पोरीला काही होऊ नये, असं म्हणत तो मॅडमसमोर रडला. त्याला कुणी तोवर धड सांगितलंही नव्हतं की उपचार आहेत, माणूस जगतो. आता त्याचेही सुरू झालेत.

मला अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या आहेत. सकाळभर मळमळतं. सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, तोवर काही खात्रीने सांगता येत नाही. बाबा आले होते. मला वाटलं ट्रंक भरायला आले. त्यांनी आईने दिलेल्या भाकऱ्या ठेवल्या आणि शिक्षण पुरं कर म्हणून गेले.

वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. माझ्या खोलीतली अपूर्वा, संसर्ग कशाने होतो आणि कशाने होत नाही याची उत्तरं पहिल्या बाकावरून देणारी, तिने आपला पेला माझ्या पेल्याशेजारून उचलून खिडकीत नेऊन ठेवला. मी त्या रात्री जेवले नाही.

आत्या, तुझं पत्र मी दहा वेळा वाचलं. कावीळ झाली, बरी झाली, असं लिहिलंस. पण सुईतून आलेली कावीळ काहींच्या अंगात घर करून राहते, वर्षानुवर्षं कळत नाही. त्यानंतर तू कधी रक्त तपासलंस का?

उत्तर दे. इकडचं तिकडचं लिहून टाळू नकोस, एवढा हट्ट पुरव.

तुझी,
दीपाली


मंगळवार पेठ
२ फेब्रुवारी २०२५

चि. दीपालीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

मळमळीवर आल्याचा तुकडा चघळ, पण गोळी चुकवू नकोस. मंडईतून आवळे आणून मुरांबा घातलाय, रविवारी केबिनमध्ये देऊन जाईन. फाटकावरच्या बाई आता मला ओळखतात, दुरूनच रजिस्टर मिटतात. अपूर्वाला बोलू नकोस. घाबरलेल्या माणसाला व्याख्यान देऊन उपयोग नसतो.

तुला टोपण का शिकवलं ते सांगायला हवं. माझी आई, कांताबाई, वॉर्डातल्या बादल्या रिकाम्या करायची. त्या बादल्यांत कापूस, पट्ट्या आणि उघड्या सुया एकत्र असायच्या. हातमोजे कुठले? महिन्यात दोनदा तरी तिचं बोट फुटायचं. ती फडकं गुंडाळायची आणि पुढची बादली उचलायची. मी नर्स झाले तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवलं, माझ्या हातची एकही सुई उघडी जाणार नाही. तेव्हा यंत्रं नव्हती, टोपण हाच एक उपाय. दिवस बदलले, बादली गेली, यंत्र आलं. मी निवृत्त होऊन बसले आणि तुला तीच बादली डोळ्यांपुढे ठेवून शिकवलं. विचारायला हवं होतं गं कुणाला तरी. विचारलं नाही, कारण मला सगळं येतं असा माझा समज.

माझ्या रक्ताचं विचारलंस. माझं रक्त गोड आहे, पेठेतल्या डासांना विचार. या वयात तपासून काय करायचंय? विषय संपला.

मनात राग नसेल तर पत्र टाक, असेल तर दोन टाक.

तुझी,
आत्या


पुणे
मंगळवार, ८ जुलै २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

सहा आठवड्यांचा रिपोर्ट चांगला आला, तीन महिन्यांचाही, हे तुला माहीत आहे. शेवटचं रक्त काल दिलं. निकाल परवा, गुरुवारी मिळेल.

पाच महिने मी तुला प्रत्येक पत्रात एकच प्रश्न विचारतेय आणि तू मला मुरांब्याची कृती लिहितेस. तुझं हस्ताक्षर त्या ओळीपाशी आलं की तिरकं होतं. तू घाबरली आहेस. मीही घाबरले होते, म्हणून मला ओळखता येतं. सुट्टीत आले तेव्हा तुझ्या पायांवरची सूज पाहिली, वयामुळे म्हणालीस. मी आता तिसऱ्या वर्षाला आहे, मला असं काही सांगू नकोस.

तेव्हा ऐक. तू रक्त दिल्याची पावती सरोजिनीबाईंच्या मोबाइलवर फोटो काढून पाठव. तोवर मी माझा रिपोर्ट आणायला खिडकीवर जाणार नाही. गुरुवारी नाही, पुढच्या गुरुवारीही नाही. तू मला उठवलंस तसं मी तुला उठवतेय. धमकी समज.

तू हवी आहेस मला, खूप वर्षं. म्हणून हे उद्धटपण पोटात घाल.

तुझी,
दीपाली


मंगळवार पेठ
रविवार, १३ जुलै २०२५

चि. दीपालीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

धमक्या द्यायला कुठे शिकलीस ते विचारत नाही, घराणं माहीत आहे. गुरुवारी सकाळी सरोजिनीबाईंना घेऊन गेले, रक्त दिलं, पावतीचा फोटो पाठवला. दुपारी त्या धापा टाकत जिना चढून आल्या आणि मोबाइल माझ्या डोळ्यांपुढे धरला. तुझा एकच शब्द होता, निगेटिव्ह. मी होते तिथे फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. किती मोठ्याने ते मला कळत नाही, पण खालच्या मजल्यावरचे वर आले.

काल माझा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस बी. तो गेलाच नव्हता, चौतीस वर्षं माझ्याबरोबर राहिला. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. यकृत बरंच खराब झालंय. रोज एक गोळी, जन्मभर. आता औषधं चांगली आहेत, आजार पुढे सरकू नये एवढं बघू, म्हणाले. आधी आला असतात तर, असं म्हणून थांबले आणि कागदावर काहीतरी लिहायला लागले. मी नर्स आहे, मला पुढचं वाक्य येतं. संभाजीला मीच सांगीन, तू सांगू नकोस.

तिथे फॉर्म भरणारी मुलगी तुझ्याच वयाची होती. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर बिचारी प्रत्येक प्रश्न कागदावर लिहून दाखवत होती. संसर्ग कशामुळे झाला असावा, असं तिने लिहिलं. हात सवयीने माहीत नाही असं लिहायला निघाला होता. मग थांबले आणि लिहिलं की ड्यूटीवर असताना, सुईला टोपण घालताना टोचली, १४ ऑगस्ट १९९१, बायकांचा वॉर्ड, सकाळची पाळी. तिने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली लिहिलं, तेव्हा कुणाला कळवलं होतं का. मी तिच्या हातून पेन परत घेतलं आणि लिहिलं, नाही, आज कळवतेय.

जेवत जा वेळेवर. म्हाताऱ्या आत्याला विसरू नये, ही विनंती.

तुझी,
सत्यशीला