सव्वा इंच

राजारामपुरी, कोल्हापूर
१६ सप्टेंबर २०२४

ती. स्व. मामा यांना,
उदयसिंहचा शि. सा. न. वि. वि.

परवा तुम्ही येऊन गेलात, पण मनातलं काहीच बोलता आलं नाही. सासरे-जावयानं गुपित बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागणार, आणि ओरडलं की आतल्या खोलीत क्रांतीला सगळं ऐकू जाणार. पन्नास वर्षं कबनूरच्या यंत्रमागांवर जॉबर म्हणून लूम जुळवलेत आणि कान तिथंच ठेवून आलात. फोनचा तर प्रश्नच नाही. म्हणून हे पत्र.

क्रांती बरी आहे. ऑपरेशनला वर्ष झालं, औषध लागू पडतंय. फक्त कणा नाजूक झालाय, दणका अजिबात बसू द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि तुमच्या लेकीनं हट्ट धरलाय तो नेमका दणक्याचा. पन्हाळ्याच्या मागं आपल्या डोंगरावर पर्यटकांना इंजिनच्या बगीतून फिरवायला वाट काढली, ती तिचीच. चुन्याची फक्की घेऊन एकेक वळण तिनं आखलं. ती आजारी पडली तेव्हा अगदी वरची सात वळणं राहिली होती. तिच्या कागदावर बघून ती मी पुरी केली. आता तिला बगीत बसून ती बघायची आहेत. मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, वळण डोळ्याला कळत नाही, बुडाला कळतं. मी वळण काढतो म्हणजे म्हैस वळवतो, असंही वर ऐकवलं.

बगी तुम्ही पाहिलीच आहे. शेजारी-शेजारी दोन सीट, चार जाड चाकं, दारं नाहीत. तिचे शॉकअप कडक आहेत. माझा मित्र पृथ्वीराज शर्यतीत असल्या गाड्या पळवतो. तो म्हणतो, बाहेरून गॅसवाले मोठे शॉकअप मागव, उडी मारलीस तरी कळणार नाही. दुसरे म्हणतात नुसत्या स्प्रिंगा बदल. माझं डोकं चालेनासं झालंय. तुमचा जन्म स्प्रिंगा आणि ताण बघण्यात गेला, तर काय बसवू ते तुम्हीच सांगा. तिला अजून हो म्हटलेलं नाही. जमलं नाही तर तिला तोंड कसं दाखवू?

जावयावरचा लोभ या खर्चिक गाडीमुळं आटू देऊ नये, ही विनंती.

आपला,
उदयसिंह


कबनूर
२१ सप्टेंबर २०२४

चि. जावईबापू उदयसिंहराव यांना,
आण्णांचे अ. आ.

पत्र पावलं. मी बोलतो तसंच लिवतो, शुद्ध-अशुद्ध तुमचं तुमी बघून घ्या.

तुमचा पृथ्वीराज शाना हाय, पर शर्यतीपुरता. गॅसचं शॉकअप उड्या मारायला. तुमाला माझ्या पोरगीला घेऊन उड्या मारायच्यात का? बैलगाडीच्या चालीनं जायचं हाय की. एवढ्या हळू गाडीला कडक शॉकअप म्हंजे दर दगडाला पाठीत बुक्की. चारी चाकांच्या स्प्रिंगा मऊ घ्या, शॉकअपातलं तेल पातळ करा आन चाकातली हवा उतरवा. एवढं अर्धं काम झालं. राहिलेलं अर्धं सीटखाली. ट्रकच्या डायवरला असत्यात तशा तिच्या सीटखाली वेगळ्या स्प्रिंगा बसवायच्या. ते माझ्याकडं लागलं. इचलकरंजीत लूमच्या स्प्रिंगा वळणारा आपला माणूस हाय, त्याच्या डोक्यावर उभा राहून वळून घेतो.

आता एक ध्यानात घ्या. सीटची स्प्रिंग बसणाऱ्याच्या वजनावर असती. कडक झाली तर दबत न्हाय, मऊ झाली तर बुडाशी टेकती, दोन्हीत दणका बसणार. म्हणून क्रांतीचं वजन काट्यावर करून कळवा. अंदाजपंचे नको. लग्नात बासष्ट हुती, मला ठावं हाय, कारण तिच्या आईनं तिला पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर उभी केलती आन पोरगी आठ दिवस रुसलती.

तिला म्हणावं, आण्णा दोन येळा जेवतोय, काळजी करू नको. तुमीबी जेवा. माया हायच, पत्रात लिवून काय वाढायची न्हाय.

तुमचा,
आण्णासो खोत


राजारामपुरी, कोल्हापूर
२७ सप्टेंबर २०२४

ती. स्व. मामा यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. पृथ्वीराजला नाही म्हटलं, तो दोन दिवस बोलला नाही, मग स्वतःच येऊन चाकांच्या स्प्रिंगा बदलायला हात लावला. तेलही पातळ केलं. आता मोकळी बगी खड्ड्यातून जाते तेव्हा झोके घेते.

क्रांतीचं वजन केलं. साठ भरलं.

बाकी सगळं ठीक. घाईत आहे, म्हणून एवढंच. राग नसावा, आशीर्वाद असावा.

आपला,
उदयसिंह


कबनूर
१४ ऑक्टोबर २०२४

चि. जावईबापू उदयसिंहराव यांना,
आण्णांचे अ. आ.

साठ वाचून लई बरं वाटलं. ऑपरेशन झालेलं माणूस दोनच किलो उतरलंय म्हंजे खाणंपिणं नीट हाय. मी उगाच मनाला लावून घेतलं हुतं. तुमच्या हातचं पत्र आमच्या गल्लीत तिघांना दाखवलं.

स्प्रिंगा झाल्या. खंडेनवमीला हत्यारांत ठेवून हळदकुंकू लावलं, आन आज माणसाच्या हाती धाडल्या. साठ किलोला बरोबर दोन इंच दबत्यात, म्हंजे इंचाला तीस किलो. मी वजन ठेवून तीनदा मोजलंय. पोरगी बसली की पट्टी लावून बघा आन किती दबली ते कळवा. दोन इंच दबली तरच वरखाली खेळायला जागा राहती.

लूमवर मी हजार स्प्रिंगा लावल्या, पर कुठली लावताना एवढा आनंद झाला न्हाय. तिला आता सांगून टाका, लपवाछपवी पुरं झाली. तुमच्यावर जीव हाय, तो हाय.

तुमचा,
आण्णासो खोत


राजारामपुरी, कोल्हापूर
२६ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. मामा यांना,
शि. सा. न. वि. वि.

क्रांतीला सांगितलं. ऐकून ती इतकी हसली की मला भीती वाटली. डॉक्टरांनीही परवानगी दिली, छाती-कमरेला पट्टे बांधून आणि चालत्या माणसाच्या वेगानं, या अटीवर. वाट वाळली की जाऊ.

काल गाडी दारात आणून तिला उचलून सीटवर बसवलं. तुमच्या स्प्रिंगांवरून तिनं हात फिरवला. आण्णांचं काम आहे, न सांगता कळतं, म्हणाली. पण गल्लीत एक चक्कर मारली तर गतिरोधकावर तिनं डोळे गच्च मिटले. दुखलं का विचारलं तर नाही म्हणाली, पण दांडी धरलेला हात सोडवत नव्हता. पट्टी लावून पाहिलं. दोन नाही, सव्वाच इंच दबतेय. वळताना तारेत काही कमी-जास्त झालं असेल का? सवडीनं बघावं. चूकभूल पोटात घालून लोभ ठेवावा.

आपला,
उदयसिंह


कबनूर
३१ ऑक्टोबर २०२४

चि. उदयसिंहराव यांना,
आ.

तारेत काय कमी-जास्त न्हाय. इंचाला तीस किलो, तर सव्वा इंचाला साडेसदतीस. माझी पोरगी साडेसदतीस किलोची झालीया आन तुमी मला साठ लिवलं.

सगळ्यांना पढवलंत, स्प्रिंगेला काय सांगायचं राहून गेलं. मी दोन येळा आलतो, दोनी येळा तिच्या अंगावर जाड रजई. थंडी वाजती म्हनं. सप्टेंबरात! मी म्हणायचो, बहिरा असलो तरी डोळं शाबूत हायत. डोळंबी कामाचं न्हाईत. आन साठची स्प्रिंग तिच्या पाठीखाली म्या पूजा करून धाडली. गल्लीतल्या गतिरोधकावर तिचं हाड मोडलं असतं तर कुणाच्या हातनं मोडलं असतं, उदयसिंहराव?

काल नवीन स्प्रिंग जुळवायला वजन पाहिजे म्हणून सरकी पेंडीचं पोतं घेतलं. पन्नासाचं. साडेबारा किलो काढून ठेवली आन राहिलेलं खांद्यावर घेतलं. बहात्तर वय हाय माझं, तरी दुकानापासनं घरापतोर आणलं आन कुठं थांबावं लागलं न्हाय. दारात आल्यावर ध्यानात आलं की आपण काय उचलून आणलंय. मग त्या पोत्याला धरून बसलो आन रडलो. शेजारची लोकं पेंड महागली म्हणून चेष्टा करत हुती, त्यांना काय सांगायचं?

नव्या स्प्रिंगा वळायला टाकल्यात. खरं काय ते एका कागदावर लिवा. दिवाळी तुमाला सुखाची जावो असं लिवायला हात उचलत न्हाय.

आण्णासो खोत


राजारामपुरी, कोल्हापूर
४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मामांच्या पायांवर डोकं ठेवून,
शि. सा. न. वि. वि.

खरं लिहितो. ऑगस्टमध्ये आजार हाडांत उतरला. औषधं बंद केलीत, आता दिलं जातं ते फक्त दुखणं कमी करायचं. आठवडे सांगितलेत, महिने नाहीत. हे क्रांतीला माहीत आहे. तिनंच डॉक्टरांना विचारलं, मी बाहेर पळून गेलो होतो.

काट्यावर ती एकोणचाळीस भरली होती. तुम्हाला लिहायला बसलो आणि तो आकडा लिहवेना. तिची आई गेल्यापासून तुम्हाला ती एकटीच, तुम्ही घरात एकटे बसून तो आकडा वाचणार, हे डोळ्यांपुढं आलं. साठ लिहून टाकलं. स्प्रिंग त्याच आकड्यावर वळली जाणार, हे सगळं समजत असून लिहिलं. माझ्या खोटेपणानं तिला त्या गतिरोधकावर जे झालं ते मी तुम्हाला अंगावर घेऊ देणार नाही, ते माझंच. शिवी द्या, पण इथं येऊन द्या. ती रोज विचारते, आण्णा कधी येणार.

माफी मागायची माझी लायकी नाही, तरी जावई म्हणून अजून ओळख ठेवा.

आपला,
उदयसिंह


राजारामपुरी, कोल्हापूर
१९ डिसेंबर २०२४

ती. स्व. मामा यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही कबनूरला गेल्यापासून घर खायला उठतंय. सात नोव्हेंबरला पिशवीत स्प्रिंगा घेऊन आलात ते तिचं दिवसकार्य उरकूनच गेलात. या दीड महिन्यात मला एकदाही वाईट बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. घरात सतत माणसं होती, आणि जे सांगायचं होतं ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

चोवीस नोव्हेंबरला आपण डोंगरावर गेलो. तुम्ही स्वतः स्प्रिंगा बसवल्यात, पट्टी लावलीत, दोन इंच बरोबर. बगीत जागा दोघांचीच, म्हणून तुम्ही खाली शेडजवळ थांबलात. आम्ही परत आल्यावर तुम्ही हातानं विचारलंत, बघितली का वळणं, आणि मी मान डोलावली. मामा, तेही खोटं होतं.

खालच्या वळणांवर ती खूप बोलत होती. इथं चर कोरड्या पानांनी भरलाय, तिथं दगड रचलेला नाही, वर्षभर नसले तर तुम्ही वाटेची वाट लावलीत, असं चाललं होतं. मग गप्प झाली. बघतो तर झोपली होती. पंधरा-वीस दिवस तिला सलग अर्धा तास झोप नव्हती, हे तुम्ही उशाशी बसून पाहिलंय. पलंगावर न लागलेली झोप तिला तुमच्या स्प्रिंगांवर लागली. थांबलो तर जागी होईल म्हणून मी गाडी थांबवली नाही. तिची सात वळणं आली. प्रत्येक वळणावर उठवू का म्हणून तिच्या तोंडाकडं बघायचो, आणि कपाळावर एक आठी नसायची. सातही गेली. माथ्यावरून फिरून उतरायला लागलो तरी ती झोपलेलीच.

शेड दिसायला लागल्यावर जागी झाली आणि वरचं आलं का म्हणून विचारलं. जाऊन आलो म्हटलं. ती रागावलीही नाही, त्याचंच जास्त लागतं. मग म्हणाली, उद्या परत जाऊ. दुसऱ्या दिवसापासून तिला बसताच आलं नाही, आणि तीन डिसेंबरला ती गेली.

तिनं आयुष्यात शेवटची एकच गोष्ट मागितली होती आणि ती माझ्या शेजारून निघून गेली. मी उठवायला हवं होतं का? जेवताना, गाडी पुसताना, डोक्यात हेच. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

मुलगी राहिली नाही म्हणून पत्र थांबवू नका.

आपला,
उदयसिंह


कबनूर
२४ डिसेंबर २०२४

चि. उदयसिंहराव यांना,
आण्णांचे अ. आ.

उठवायला पाहिजे हुतं. विचारलंत म्हणून सांगतो, गोड बोलून तुमची समजूत काढायला मला येत न्हाय. वळणं तिची हुती आन तिला बघायची हुती. दोन मिन्टं उठवली असती तर बघितली असती.

आन तुमच्या जागी मी असतो तर मीबी उठवलं नसतं. ल्हान असताना ती माझ्या सायकलच्या नळीवर झोपायची, तवा मी घर मागं टाकून फुडं जायचो, उगंच गावाला वळसा घालायचो. आता ह्यात बरोबर काय आन चूक काय हे मला बहात्तर वर्सांत कळलं न्हाय, तुमाला कुठनं कळणार? ते तसंच घेऊन जगायचं. मी जगतोय, तुमीबी जगा. जेवण टाकू नका, तुमचं तोंड वाळलेलं मी बघून आलोय.

फुडच्या गुरवारी पहिल्या एस्टीनं येतो. बगी तयार ठेवा. तुमचा पृथ्वीराज स्प्रिंगा बदलतो म्हणत हुता, त्याला अजून हात लावू देऊ नका. मी तिच्या सीटवर बसणार. माझं वजन एकसष्ट हाय, त्या स्प्रिंगांना मी झेपायचा न्हाय, पार बुडाशी टेकतील आन एकेक दगड पाठीत बसंल. बसू दे. सातबी वळणं बघायची हायत मला, आन तुमी गाडी हळू चालवली तर म्हाताऱ्या माणसाला डुलकी लागती.

माया कमी हुईल ही भीती मनातनं काढा.

तुमचा,
आण्णा